ताणावर सोडलेला बगीचा

यंदा माघ लागला आणि आपल्या बगीच्यात एकही फूल नाही.

मीरा, अन्वय, परवा व्हिडिओवर तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "आजी, पांढरी झाडं दाखव." दर माघात मी फोन हातात धरून विहिरीपासून थेट शेवटच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालत जाते, मधमाश्यांचा आवाज तुम्हाला ऐकवते आणि वास येतो का म्हणून उगाच विचारते. तुमच्या खिडकीबाहेर बर्फ असतो, माझ्यामागे संत्र्याचा बहार असतो. दोन्हींचा रंग एकच म्हणून आपण दरवेळी तेच हसू हसतो. परवा मात्र मी फोन फिरवला आणि तुम्हाला नुसती हिरवीगार झाडं दिसली. अन्वयने विचारलं, "आजी, ही कुणाची झाडं?" मग मीराने दुसरं विचारलं, "आणि काकू का कधीच दिसत नाही?" मागून तुमच्या बाबांनी घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला. ते मला इथे ऐकू आलं.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. फोनवर ते सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्ही आता मोठे झाला आहात, आणि मूल कसं होतं, कसं होत नाही, हे मी तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुमचं मराठी वाचन मंद आहे. मंदच वाचा. बाबांकडून वाचून घेऊ नका, यात तेही आहेत.

आधी बगीचा. संत्र्याचं झाड आपल्या मनाने वाटेल तेव्हा थोडंथोडं फुलतं. पण शेतकऱ्याला सगळा बहार एकदम हवा असतो. म्हणून थंडीत, पौषाच्या आसपास, झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात, आणि बगीचा ताणावर सोडला असं म्हणतात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवतात, मोटार बंद होते. विहिरीत पाणी असतं, झाडांना ते द्यायचं नसतं. हळूहळू पानं आतल्या बाजूला वळतात, त्यांचं तेज जातं, दुपारी ती मान टाकतात. खाली पिवळ्या पानांचा थर साचतो. त्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तुमचे आजोबा त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बगीच्यात फिरतात. झाडाच्या बुंध्याशी बसून बोटाने माती उकरतात, फांदी वाकवून बघतात आणि पुटपुटतात, "अजून पेलवते." मग एक दिवस ते ताण तोडतात. आधी हलकं पाणी, मग जरा जास्त, मग भरपूर. आणि माघात त्या मेल्यासारख्या दिसणाऱ्या झाडांवर पानापेक्षा फूल जास्त होतं.

पन्नास वर्षं मी हे पाहते आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा अमरावतीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली पोर होते. पहिल्या पौषात मी आजोबांना विचारलं होतं, विहीर भरलेली असताना झाडं का मारता? ते हसले होते. त्या माघात वास आला आणि मी पुन्हा विचारलं नाही. किन्हीराजाच्या रस्त्याने येणारी-जाणारी माणसंसुद्धा मोटारसायकल हळू करत असत, असा तो वास.

तुमच्या प्रणिता काकूलाही तो आवडायचा. ती धनजची, कारंजा तालुक्यातली. तिच्या माहेरी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल कापून त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, कशी बांधायची, हे ती शाळेत असतानाच शिकली होती. मंगेशशी, म्हणजे तुमच्या काकाशी, लग्न होऊन ती आली आणि महिनाभरात आजोबांची जोडीदार झाली. दोघं बगीच्यात जात, वाद घालत. हंगामातलं पहिलं पिकलेलं संत्रं आजोबा तिच्या हातात देत. मला पन्नास वर्षांत ते मिळालं नाही. मी तसं म्हटलं की ते म्हणत, "तुमाले चव कुठी समजते मास्तरीणबाई, तुमी साखर टाकून खाता." मी आपल्या वाशीमकडच्या मालेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मी घरात मास्तरीणबाई.

मूल होईना. एक वर्ष, दोन वर्षं, पुढे लोकच मोजू लागले. दोघांच्याही तपासण्या झाल्या. दोघांतही काही सापडलं नाही. तुम्हाला वाटेल ही चांगली बातमी. पण दोष सापडला असता तर घरातल्या लोकांना धरायला काहीतरी मिळालं असतं. कारण सापडत नाही म्हटल्यावर ज्याने त्याने आपापलं कारण आणून ठेवलं. देवाचं, पित्रांचं, बाहेरच्या खाण्याचं, मोबाईलचं. आणि सगळ्यांना मिळून पटलेलं एक: प्रणिता टेन्शन घेते.

हा शब्द आता आपल्याकडे मिठासारखा झाला आहे. "टेन्शन नोको घेऊ." बसमध्ये भेटलेली बाई सांगे, दवाखान्यात बाजूला बसलेली सांगे, भाजीवालासुद्धा सांगे. तुमच्या बाबांनी तिकडून रोज सकाळी ध्यानधारणेच्या चित्रफिती पाठवल्या. तुमच्या आईने झोप लागण्याचं सुवासिक तेल पाठवलं. रविवारच्या फोनवर सगळे तिला एकच सांगत, अगं रिलॅक्स राहा, मग आपोआप होईल. एकदा अन्वय, तू म्हणालास, "काकू, तू रिलॅक्स झालीस का?" तू लहान होतास, ऐकलेलं बोललास. काकू म्हणाली, "झाली रे राजा." फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "आई, शांत राह्याचीबी परीक्षाच हाय. रोज नापास होतो मी."

ज्या पौषाबद्दल मी लिहिते आहे, त्याला आता तीन वर्षं झाली. त्या पौषात अकोल्याला टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू झाले. गावात सगळे त्याला टेस्ट ट्यूबच म्हणतात. बाईला रोज इंजेक्शनं देऊन बीजं वाढवतात, भूल देऊन ती काढतात, बाहेर काचेत गर्भ तयार करतात आणि थोड्या दिवसांनी आत सोडतात. मग रुजतो की नाही याची वाट बघायची. इंजेक्शनं आपल्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवलेली असत. जो फ्रिज उघडे त्याला ती दिसत. दूध घ्यायला गेलेला माणूस स्वयंपाकघरातून बाहेर येताना प्रणिताच्या पोटाकडे बघत येई. ती स्वतःच पोटाची चिमूट धरून सुई टोचून घेई. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, "डोळा बांधाले झाडाची साल कापतो आमी. झाडाले कोन इचारते?"

त्याच दिवसांत आजोबांनी बगीचा ताणावर सोडला. आणि त्याच दिवसांत ते प्रणिताशी बोलायचे थांबले.

आधी मला वाटलं, शेतीच्या काळजीत आहेत. मग लक्षात आलं, ते माझ्याशी बोलतात, मंगेशशी बोलतात, गुराढोरांशीही बोलतात. तिने चहा आणला की ते पेपर वर धरत. बगीच्यात निघाली की म्हणत, "तू राह्य घरी." संक्रांतीला माहेरी जाण्याचं विचारलं तर म्हणाले, "नाही." नुसतं नाही. आणि एका दुपारी जेवताना, सगळ्यांच्या ताटात वरण वाढलेलं असताना, ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "या माघात काही झालं नाही तं मंगेशसाठी दुसरीकडं पाहा लागन."

मंगेश ताटाकडे बघत राहिला. तुमच्या काकाला मी जन्म दिला आहे, म्हणून सांगायचा मला अधिकार आहे: त्याने त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं. प्रणिताने वाढणं थांबवलं नाही. तिने आजोबांच्या ताटात भाताचा डाव रिकामा केला आणि विचारलं, "तूप वाढू काय?"

मी आजोबांना विहिरीवर गाठलं. आयुष्यात हा माणूस बायकोवर ओरडलेला नाही, बैलावर याने काठी उगारलेली नाही. मी म्हटलं, हे काय बोललात?

ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मनात काई नाही माह्या. बोलनंच हाय निस्तं."

"मग बोललात कशाला?"

"मास्तरीणबाई, तुमी पुस्तकं शिकवले, म्या बगीचा केला. झाडाले वाटलं पाह्यजे का आता आपन मरतो. तवाच ते फुलते. सुखात ठेवलं तं नुसते पानं काढते." मग समोरच्या मलूल झाडाकडे हात केला. "आपन सारे तिले गोंजारत बसलो इतके साल. काय झालं?"

"ती झाड आहे का?"

"जीव तं जीवच असते ना. तुमी पाहा, म्या ताण तोडला का कशी फुलते ते."

आणि खालच्या आवाजात, मातीत बोट घालत त्यांनी विचारलं, "जेवली काय ती?"

मुलांनो, हा प्रश्न ते त्या दिवसांत मला रोज विचारत. तिच्याशी अबोला धरून तिचं जेवण मला विचारत. माती उकरून ओल बघावी तसं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेऊन मोटारीचा खटका तपासायला गेले. तुम्हाला पुढेमागे दुष्ट माणसं भेटतील, त्यांच्याशी भांडता येतं. ज्याला आपण चांगलं करतो आहोत याची खात्री आहे, त्याच्याशी कसं भांडायचं, हे मला कुठल्याच भाषेत शिकवलं गेलं नाही.

संक्रांत आली. गर्भ आत सोडून प्रणिता अकोल्याहून परत आली होती, आणि आता रक्ताच्या तपासणीपर्यंत वाट बघायची होती. डॉक्टरीणबाईंनी रोजचं काम करायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. आपल्या घरी हळदीकुंकू होतं. त्यात आजोबांच्या थोरल्या बहिणीने, शांताआत्याने, आपल्या पणतवाचं बोरन्हाणही आपल्याच घरी करायचं ठरवलं. तुमचंही केलं होतं, फोटो आहे. लहान मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे ओततात. भोवतीची पोरं ती लुटतात.

शांताआत्या मालेगावला राहते. जीभ तिखट, हात सढळ. अंगणभर बायका बसल्या होत्या. आत्याने ते गोंडस पोर उचललं आणि पाटावर न बसवता सरळ प्रणिताच्या मांडीत दिलं.

"घे व. पोट्टं मांडीवर बसलं का पोट उघडते."

प्रणिता म्हणाली, "आत्याबाई, पाटावरच बसवा ना."

"टेन्शन नोको घेऊ, बाप्पा! काय ते तोंड करून बसली. हासत राह्य जराशी. हासनाऱ्या बाईलेच लेकरू होते."

शेजारची कुसुम फटकळ आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमाले तं सात झाले. हासतच होत्या काय सारा जलम?"

"हासाले फुरसत कोनाले होती व! सासू चुलीतलं लाकूड घेऊन उभी राहे."

सगळ्या खळखळून हसल्या. आत्याही हसली. आपण आत्ताच काय बोललो हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि हसणाऱ्यांपैकीही कुणाच्या आलं नसावं. मग सगळ्यांनी मिळून बोरं ओतली. पोर घाबरून किंचाळायला लागलं, प्रणिताच्या पोटावर पाय झाडायला लागलं. तिने एका हाताने त्याचे पाय धरले, दुसऱ्या हाताने पोट झाकलं, आणि सांगितल्याप्रमाणे ती हसत राहिली. अंगणातल्या सगळ्या बायका तिच्या मांडीकडे बघत होत्या. नंतर वाण घेताना प्रत्येकीने तिच्या हातात तिळगूळ ठेवून खालच्या आवाजात विचारलं, "काही विशेष?"

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात केसांतले मुरमुरे काढत बसली होती. एकेक काढून ताटलीत ठेवत होती. मी मदतीला बसले. ती म्हणाली, "आई, मी आज रडली नाही. डाक्टरनं रडू नोको म्हटलं नव्हतं, तरी रडली नाही. रडली अन् काई झालं तं माह्यावर येईन ना."

मला वाटतं, त्या सगळ्या हंगामातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच आहे. आम्ही तिला रडण्याचीही सोय ठेवली नव्हती.

संक्रांत होताच आजोबांनी बगीच्याचा ताण तोडला. नळ्या सोडल्या, मोटार सुरू झाली. थोड्याच दिवसांत फांदीफांदीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या आल्या आणि मग माघातल्या एका सकाळी सगळा बगीचा पांढरा झाला. त्या वर्षीसारखा बहार मी नंतर पाहिला नाही. वास घरात, कपड्यांत, पिण्याच्या पाण्यातसुद्धा येई. मधमाश्यांमुळे बगीचा लांबून गुणगुणल्यासारखा वाटे. याच दिवसांत मंगेश आणि प्रणिता तपासणीला अकोल्याला गेले. परत येताना ती घरी न येता बगीच्याच्या फाटकाशीच मोटारसायकलवरून उतरली. मी तिला लांबून बघितलं. फुललेल्या दोन रांगांच्या मध्ये ती उभी होती, पदर नाकाला लावून. वास सहन होत नसल्यासारखी.

गर्भ रुजला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून समाचाराला बायका येऊ लागल्या. शांताआत्या ओसरीवर बसून सांगे, "लय टेन्शन घेतलं तिनं. बोरन्हाणातच म्या पाह्यलं, कशी लाकडावानी बसली होती. सारं आतल्या आत. मंग कसा रुजन?" बायका माना हलवत. तुमच्या बाबांचा फोन आला. तेही म्हणाले, आई, तिला समजाव, असं मनाला लावून घेतलं की शरीर साथ देत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं सगळ्यांनी मिळून तिच्यावर दगड रचले, आणि शेवटी ती वाकली तेव्हा सगळे म्हणाले, बघा, हिची पाठच वाकडी.

मी तिच्याबरोबर अकोल्याला गेले. हट्टाने गेले. डॉक्टरीणबाई बोलता बोलता इंग्रजीत जात, तेव्हा मीही इंग्रजीत सरळ विचारलं, हिच्या टेन्शनमुळे झालं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढचं मुद्दाम मराठीत, प्रणिताकडे बघून बोलल्या. खूप काळ मनावर ओझं राहिलं तर पाळी मागेपुढे होऊ शकते, झोप उडते, जेवण जातं, नवरा-बायको एकमेकांजवळ जाईनासे होतात, आणि पुष्कळ बायका थकून उपचार अर्ध्यावर सोडतात, हे त्या रोज बघतात. पण हा गर्भ टेन्शनने गेला असं कुणी सांगत असेल तर त्याला कसं कळलं, हे त्यांना ऐकायला आवडेल. शांत बायकांचेही गर्भ रुजत नाहीत, आणि भयंकर दुःखात असलेल्या बायकांना दिवस राहतात. "टेन्शन घेऊ नका हे मी पेशंटला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचंच तर घरच्यांना सांगते, देऊ नका."

घरी येऊन मी हे शब्दशः सांगितलं. आत्या म्हणाली, "डाक्टरनीले काय समजते? तिले सवताले लेकरू हाय काय?"

आजोबा ऐकून विहिरीकडे निघून गेले. पण फाल्गुनात ते बदलले. सकाळी चहा घेताना प्रणिताला हाक मारू लागले. मालेगावहून तिच्यासाठी जिलबी आणली. वाशीमहून साडी आणली, डाळिंबी रंगाची. म्हणाले, "धनजले जाऊन ये चार दिवस. मायले भेट." प्रणिताच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी जरा रंग आला. ती मला म्हणाली, "बाबाईचा राग गेला वाटते." मी तिच्याकडे बघू शकले नाही.

ती साडी नेसून, पिशवी भरून ती बाहेर आली तेव्हा आजोबा ओट्यावर मंगेशशी बोलत होते. अकोल्याला अजून दोन गर्भ गोठवून ठेवलेले होते, पुढच्या वेळेसाठी. आजोबा म्हणत होते, "वापस आली का लगेच अकोल्याले ने. हेच येळ हाय. ताण चांगला बसला होता तिले, आता पानी पडून राह्यलं. पाह्यजो, या खेपेले धरते का नाही."

ती दारातच थांबली. म्हणाली, "बाबा, तुमी मले ताण देला काय?"

आणि आजोबांनी, जणू लपवून ठेवलेली भेट दाखवावी तसं हसून सांगितलं, "हाव. तुह्या भल्यासाठीच. दुसरं लगन-बिगन, सारं खोटं होतं ते. तुले काय वाटलं, म्या खरंच बोललो?"

तिचा आवाज चढला नाही. "विहिरीजवळचं ते झाड आठवते तुमाले? दोन साल झाले. येळ नसताना फुललं होतं, पांढरंफेक. मी खूश झाली. तुमी म्हटलं, खूश नोको होऊ, मरनारं झाड असंच फुलते. पावसाळ्यात वाळलं ते." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी फुलली असती तं तुमाले कसं समजलं असतं बाबा, जगून राह्यली का मरून राह्यली?"

तिने वाकून त्यांना नमस्कार केला, मला केला. मंगेशने मालेगावपर्यंत सोडून तिला कारंज्याच्या बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांसाठी गेली होती. ती परत आली नाही.

तुमच्या घरात तुम्हाला काय सांगितलं असेल मला माहीत नाही. इथे कुणी म्हणतं, सोडून दिली. कुणी म्हणतं, पळून गेली. खरं असं आहे की मंगेश दर शनिवारी मोटारसायकलने धनजला जातो आणि सोमवारी येतो. उशिरा का होईना, त्याला तोंड फुटलं, निदान पाय तरी फुटले. ती भावाबरोबर रोपवाटिका चालवते, आणि तिने बांधलेला डोळा सहसा वाया जात नाही म्हणून लांबलांबचे लोक तिच्याकडून कलमं नेतात.

मला इथे असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, की आमच्यापासून दूर गेली, मन शांत झालं, आणि तिला मूल झालं. गावात तशी आवईही उठली होती. शांताआत्याने तर पेढेसुद्धा मागितले होते. तसं काही झालेलं नाही. तिला मूल नाही. तिला झोप लागते, एवढं मंगेश सांगतो.

आणि ते दोन गर्भ. ते आता ठेवू नका, असं दोघांनी मिळून दवाखान्यात सांगितलं. मंगेशने मला हे यंदा दिवाळीनंतर सांगितलं. आजोबांना अजून कुणीच सांगितलेलं नाही.

आता यंदाचं सांगते. पौष आला, आजूबाजूचे सगळे बगीचे ताणावर गेले. आपले आजोबा सकाळी विहिरीवर गेले आणि त्यांनी मोटार सुरू केली. रोज सुरू ठेवली. शेजारचे देवराव धुऱ्यावरून ओरडले, "काहून पानी सोडलं भाऊ? बहार नाही यायचा तुह्या बगीच्याले!"

"नोको यंदा," आजोबा म्हणाले. एवढंच.

मी दारातून ऐकलं आणि खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांची माया आली. वाटलं, या माणसाला कळलं. जेवताना मी त्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली. ते घास थांबवून म्हणाले, "मंगेशले सांगजो, तिच्या कानावर घाल म्हना. यंदा बाबानं ताण नाही देला. एकाही झाडाले नाही देला. आता तरी येईन ती." आणि पुढे, अगदी आशेने, "ते दोन हायेत ना अजून तिकडं."

म्हणून मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही की तो पश्चात्ताप होता की पाणी द्यायची नवी पद्धत. कदाचित त्यांनाही ठरवता येत नसेल. मंगेशने निरोप दिला. प्रणिता रोपांना सुतळी बांधत होती म्हणे. म्हणाली, "बरं केलं. झाडाईले बरं वाटलं असन." आणि पुढच्या रोपाकडे वळली.

मीरा, काकूचा नंबर तुझ्या फोनवर पाठवते. फोन करा. बर्फ दाखवा. कलम कसं बांधतात ते विचारा, ती तासभर सांगेल. कशी आहेस, असं आवाज हळू करून विचारू नका. आणि काही विशेष आहे का, हे तर या जन्मात कुणालाच विचारू नका.

देवरावांचा बगीचा फुलला आहे. वारा तिकडून आला की वास आपल्या ओसरीपर्यंत येतो. मी हे लिहीत बसले आहे, आणि आजोबा समोरच्या खुर्चीत आपल्या हिरव्या झाडांकडे बघत बसले आहेत. आत्ताच त्यांनी विचारलं, काय लिहिता एवढं? म्हटलं, मुलांना लिहिते, यंदा फुलं का नाहीत ते.

"मंग लिहा त्याईले," ते म्हणाले, "झाडं आराम करून राह्यले म्हना. पुढच्या माघात दुप्पट येईन."

लिहिते म्हटलं.